प्रभूच्या मेजेकडे जाण्यापूर्वी

(वाचावयाचे शास्त्रभाग : १ करिंथ ११:१७–३४, मत्तय ५:२३–२४)



सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतील आमच्या पुष्कळ खेड्यांच्या मंडळ्यांस राहता पाळक नाही. एकाच पाळकाकडे अनेक गावे असतात. तो शनिवारच्या शेवटच्या एस. टी. ने उतरतो, कोणाच्या तरी ओसरीवर निजतो, आणि रविवारी उपासना चालवून, लेकरांचे बाप्तिस्मे करून, प्रभुभोजन देऊन पुढच्या गावास निघतो. पुन्हा त्याचे येणे दोन-तीन महिन्यांनी. मधल्या काळात मंडळीचा भार उपदेशकावर. पवित्र विधी चालविण्याचा अधिकार त्यास नाही, परंतु ज्या अंतःकरणांनी तो विधी स्वीकारावयाचा त्या अंतःकरणांची मशागत मात्र त्यानेच करावयाची आहे. म्हणून आजचे हे चार शब्द आम्ही सर्वांसाठी, पण विशेषेकरून आमच्या उपदेशक बंधूंसाठी लिहीत आहो.

तयारी हा शब्द आमच्या मंडळ्यांस नवा नाही. अमेरिकन मराठी मिशनने साताऱ्यास १८४९ साली ठाणे केले. त्यांची पद्धत काँग्रिगेशनल. सांगलीस १८८४ साली जे मिशन आले ते प्रेसबिटेरियन. एकीकडे मंडळीच्या सभेस मान, दुसरीकडे वडिलांच्या सभेस. पुढे १९२४ साली या दोन्ही शाखांचा संयोग झाला. रीतीभातींत पुष्कळ अंतर असले तरी प्रभुभोजनाच्या रविवारापूर्वी तयारीची उपासना करावी, ही गोष्ट दोन्ही परंपरांत ठाऊक होती. स्कॉटलंडातील मंडळ्यांत तर पूर्वी वडीलजन सभासदांची विचारपूस करीत व ज्याची त्याची खात्री पटल्यावर शिशाचा एक लहानसा बिल्ला त्याच्या हाती देत. बिल्ला दाखविल्यावाचून मेजेजवळ बसता येत नसे. शिस्त चांगली होती. परंतु बिल्ला खिशात पडला की तयारी संपली असे मनुष्याच्या मनास वाटावयास किती वेळ लागतो?

आमच्याकडे बिल्ले नाहीत, तरी बिल्ल्यासारख्या गोष्टी आहेत. शनिवारी घर सारविले, धुतलेले धोतर व लुगडे काढून ठेवले, मुलांस न्हाऊ घातले, कोणी सकाळचा चहाही घेतला नाही, की झाली तयारी. या गोष्टी वाईट आहेत असे आम्ही म्हणत नाही. पाहुणा येणार असला तर आपण अंगण झाडतो. मग प्रभू येणार असता का झाडू नये? परंतु ज्याने काळ्या रानात शेती केली आहे त्यास हरळी ठाऊक आहे. वरून कुळव फिरविला म्हणजे रान साफ दिसते, आणि पहिल्या पावसासरशी ती पुन्हा हिरवीगार होऊन उभी राहते. तिच्यासाठी कुदळ घेऊन खोल खणावे लागते, आणि खणताना कंबर दुखते.

आता हे खणावयाचे कोठे, ते पाहू.

पुष्कळ लोक असे समजतात की, प्रभुभोजनाची तयारी म्हणजे आपण योग्य आहो की नाही हे एकांतात बसून ठरविणे. त्यांतील काहीजण भीतीने वर्षानुवर्षे मेजेपासून दूर राहतात. विचारले तर म्हणतात, “आम्ही पापी माणसे, आमच्या हातून अपराध झाला आहे, प्याला घेतला तर दंड होईल.” हे भय पौलाच्या एका शब्दावरून उत्पन्न झाले आहे. अयोग्य प्रकारे खाणारा व पिणारा दोषी ठरतो असे त्याने लिहिले आहे. पण बंधूंनो, तो शब्द नीट पाहा. मूळ ग्रीक भाषेत ते क्रियाविशेषण आहे. खाणारा अयोग्य आहे असे पौल म्हणत नाही. खाण्याची रीत अयोग्य आहे असे म्हणतो. खाणारे तर सर्वच अयोग्य. ज्या रात्री प्रभूने भाकर मोडली त्याच रात्री, लूक सांगतो की, शिष्यांमध्ये आपणांत मोठा कोण यावरून वाद माजला. पेत्र कोंबडा आरवण्यापूर्वी नाकारणार होता. अशांच्या हाती प्रभूने प्याला दिला. योग्य मनुष्यांसाठीच ती मेज असती तर त्या माडीवर प्रभू एकटाच बसला असता.

येथे आमच्या भगिनींविषयी एक गोष्ट स्पष्ट लिहिणे भाग आहे. महिन्याच्या त्या दिवसांत प्रभुभोजनाचा रविवार आला म्हणजे आमच्या कित्येक भगिनी मंदिराच्या दाराशी बसतात, किंवा घरीच राहतात, आणि कोणी विचारले तर डोके दुखते म्हणून सांगतात. पाळक दोन-तीन महिन्यांनी येतो हे ध्यानात घेतले म्हणजे अशा एखाद्या बहिणीचे वर्षच्या वर्ष प्रभुभोजनावाचून जाऊ शकते. हा विटाळ जुन्या घरातून आपल्याबरोबर आलेला आहे. ख्रिस्ताच्या घरचा तो नव्हे. मार्काच्या पाचव्या अध्यायातील स्त्री बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली होती. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे ती अशुद्ध. तिचा स्पर्श ज्यास होईल तोही अशुद्ध. तिने गर्दीत मागून येऊन प्रभूच्या वस्त्रास हात लावला. प्रभूने अंग चोरले नाही. सर्वांसमोर तिला मुलगी म्हणून हाक मारली आणि शांतीने पाठविले. उपदेशक बंधूंनो, हा अध्याय बायकांच्या सभेत वाचा. आणि तुम्हांस संकोच वाटत असेल तर आपल्या पत्नीस किंवा बायबलबाईस वाचावयास सांगा, पण वाचल्यावाचून राहू नका.

असो. पौलाकडे परत येऊ. अयोग्य रीत म्हणून तो कशास म्हणतो? करिंथ हे दोन बंदरांमधले व्यापारी शहर होते. तेथील मंडळीत धनवान होते, मजूर होते, गुलामही होते. त्या काळी प्रभुभोजन हे पूर्ण जेवणाबरोबर होत असे, व ज्यास सवड व संपत्ती होती ते आपले जेवण आधीच उरकून घेत. काबाडकष्ट करणारा दिवस मावळल्यावर यावयाचा, तेव्हा त्याच्यासाठी काही उरत नसे. एक उपाशी, दुसरा पिऊन तर्र. आणि दोघे म्हणावयाचे प्रभूच्या एकाच मेजेवरचे. पौल संतापतो तो याकरिता. ज्यांच्याजवळ काही नाही त्यांस तुम्ही खाली मान घालावयास लावता, असा त्याचा आरोप आहे. शरीर न ओळखता खाणे म्हणून तो जे म्हणतो, ते या संदर्भात वाचले पाहिजे. त्याच पत्राच्या पुढच्याच अध्यायात तो मंडळीस ख्रिस्ताचे शरीर म्हणतो. शेजारी बसलेला भाऊ हा त्या शरीराचा अवयव आहे हे ज्यास दिसत नाही, त्याने भाकरीकडे कितीही भक्तीने पाहिले तरी त्यास शरीर ओळखू आलेले नाही. आणि त्या अध्यायाच्या शेवटी जो उपाय पौल सांगतो तो किती साधा आहे! जेवावयास एकत्र जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा, एवढाच. उपास करा असे नाही, रडा असे नाही. त्या उशिरा येणाऱ्या हमालासाठी थांबा.

यावरून दिसून येईल की, अंतःकरणाची परीक्षा आपल्या एकट्याच्या खोलीत सुरू होते खरी, पण तेथे संपत नाही. ती शेजाऱ्याच्या उंबरठ्यापर्यंत जाते. पहिल्या-दुसऱ्या शतकातील मंडळ्यांचे एक लहानसे नियमपुस्तक आहे, ‘बारा प्रेषितांचे शिक्षण’ या नावाचे. त्याची प्रत पुष्कळ शतके कोणास ठाऊक नव्हती. ती सापडून १८८३ साली छापली गेली. त्यातही हाच नियम आढळतो : प्रभूच्या दिवशी भाकर मोडण्यापूर्वी अपराध कबूल करावे, आणि ज्याचे आपल्या सोबत्याशी भांडण आहे त्याने समेट होईपर्यंत येऊ नये. ब्रदरेन मिशनच्या परंपरेत अजून प्रीतिभोजनाच्या वेळी एकमेकांचे पाय धुण्याची रीत आहे. ज्याच्या पायांपुढे वाकावयाचे त्याच्याशी अबोला कसा धरावा?

आता आम्ही अशा एका रस्त्याविषयी सांगतो की जो आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या पायाखालचा आहे. १९०१ साली साताऱ्याहून काही लहान मुले आगगाडीने निघून मसूर स्टेशनावर उतरली. त्यांचे वडील खटाव तालुक्यात गोरेगाव येथे दुष्काळी कामावर खजीनदार होते, त्यांच्याकडे ती निघाली होती. अंगावर चांगले कपडे, जवळ भाड्याचे पैसे, बरोबर खाण्याचा डबा. आपण महार आहो असे त्यांनी स्टेशनमास्तरास सांगताच सारे बदलले. गाडीवाले त्यांस बसवून घेईनात. शेवटी एकजण दुप्पट भाड्यावर कबूल झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनी हाकावी व आपण पायी चालावे. रात्र पडली, डबा उघडला, पण घोटभर स्वच्छ पाणी कोणी देईना. डबा असून ती लेकरे उपाशी निजली. त्या मुलांतील एक म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर, त्यांनीच ही हकीकत पुढे लिहून ठेवली आहे. तेव्हा त्यांचे वय नऊ-दहा वर्षांचे.

आम्ही ही गोष्ट दुसऱ्यांस दोष देण्यासाठी सांगत नाही. आमच्या मंडळ्यांतील पुष्कळांचे आजे-पणजे त्याच रस्त्याने, तशाच तहानेने चाललेले आहेत. जेव्हा त्यांस पहिल्यांदा एका मेजेजवळ बसवून एकच प्याला हातोहात दिला गेला, तेव्हा त्या प्याल्यात काय होते हे त्यांस कोणी समजावून सांगावे लागले नसेल. तहानलेल्यास प्याला कळतो. परंतु त्याच लोकांच्या नातवंडांस आम्ही विचारतो : तुमच्या मंडळीत महारवाड्यातून आलेले एका बाजूस व मांगवाड्यातून आलेले दुसऱ्या बाजूस बसतात काय? सोयरीक जुळविताना पहिला प्रश्न कोणता निघतो? थाळी फिरत असता ती आधी कोणाकडे जावी याचा हिशेब कोणाच्या मनात असतो काय? ज्यांस पाणी नाकारले गेले त्यांनीच दुसऱ्याच्या पाण्याचा विचार करावा, याहून मोठी नवलाची व लाजेची गोष्ट आम्हांस ठाऊक नाही.

याच ठिकाणी लहान पेल्यांचा प्रश्न येतो. तो आमच्याकडे वारंवार विचारला जातो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. एका प्याल्याऐवजी प्रत्येकास निराळा लहान पेला देण्याची रीत अमेरिकेत १८९० नंतरच्या दशकात पसरू लागली. कोख या जर्मन डॉक्टराने १८८२ साली क्षयाचे जंतू दाखविले, व उष्ट्या भांड्यातून रोग पसरतो ही भीती लोकांच्या मनात बसली. सांगली-मिरजेजवळच्या लोकांस क्षय म्हणजे काय हे सांगावयास नको, डॉ. वानलेस यांच्या नावाचे वानलेसवाडी येथील क्षयरोग्यांचे आरोग्यधाम १९२० सालचे आहे. २०२० साली करोनाच्या साथीत तर मंदिरांची दारेच बंद झाली होती, आणि नंतर पुष्कळ ठिकाणी पेले आले. आमचे मत विचाराल तर पेल्यांत काही पाप नाही. प्रभूने प्याल्याचा आकार सांगितला नाही, आणि भावाचे आरोग्य राखणे हीही प्रीतीच आहे. परंतु प्रत्येकाने आपल्या मनास विचारावे की, पेला आपणांस बरा वाटतो तो जंतूंच्या भीतीने, की शेजाऱ्याच्या ओठांच्या किळसेने? बाजारच्या दिवशी एकाच तांब्याने चारचौघांत पाणी पिणारा मनुष्य मंदिरात येऊन आरोग्याचे नियम सांगू लागला, तर आम्हांस थोडी शंका येते. पेल्यांची संख्या डॉक्टरांस ठरवू द्या, किळस मात्र तुम्हांसच खणून काढावी लागेल.

हे काम एका दिवसाचे नाही. रेव्ह. नारायण वामन टिळक, ज्यांनी १९१७ साली साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला, त्यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचा १९०० साली झाला. मधल्या काळात पतीजवळ परत येऊन राहिल्यावरही त्यांनी आपले सोवळे सोडले नव्हते. त्यांचे स्वयंपाकपाणी निराळे असे. मग विचार करता करता त्यांस उमगले की जात ही देवाने केलेली नव्हे, मनुष्यांनी केली. त्यानंतर त्यांनी ती टाकली, आणि बाप्तिस्मा पुढे झाला. ‘स्मृतिचित्रे’ या पुस्तकात ही हकीकत आहे. आम्हांस या क्रमाचे फार महत्त्व वाटते. त्या बाईंनी आधी टाकले व मग आल्या. आम्ही पुष्कळजण आधी आलो, आणि टाकावयाचे तसेच राहून गेले.

आता एक आमच्या डोळ्यांसमोरची गोष्ट सांगतो. गावाचे व माणसांचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. दोन सख्खे भाऊ, दोघेही मंडळीचे सभासद. वडिलार्जित जमिनीच्या वाटणीवरून व बांधावरच्या एका बाभळीवरून त्यांच्यात वाकडे आले. बाभळ कोणी तोडली यावरून शिवीगाळ झाली, आणि पुढे दोन वर्षे त्यांनी एकमेकांच्या घरचे पाणी घेतले नाही. प्रभुभोजनास मात्र दोघेही येत. एक पहिल्या रांगेत, दुसरा शेवटच्या. आम्ही त्या काळी त्या गावी जात असू, आणि खरे सांगावयाचे तर आम्ही हे पाहून न पाहिल्यासारखे केले. एकास बोललो तर दुसरा दुखावेल, आणि दोघेही वर्गणी देणारे. हा आमच्या मनातला हिशेब होता. तो येथे कबूल करतो.

एका शनिवारी दिवेलागणीनंतर तयारीची सभा होती. आम्ही मत्तयाच्या पाचव्या अध्यायातील तो भाग वाचला, की जेथे अर्पण वेदीजवळ आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावयास जावे असे प्रभू सांगतो. त्या रात्री वाचता वाचता एक गोष्ट प्रथमच आमच्या लक्षात आली. तुझ्या मनात भावाविषयी काही असेल तर, असे प्रभू म्हणत नाही. भावाच्या मनात तुझ्याविषयी काही असेल तर, असे म्हणतो. दोष कोणाचा याचा निवाडा आधी व्हावा अशी अट त्याने घातलेलीच नाही. आम्ही एवढेच बोललो व प्रार्थनेस उभे राहिलो. प्रार्थना चालू असता थोरला भाऊ घोंगडी खांद्यावर टाकून निघून गेला. लोकांस वाटले, रागावला. आम्हांसही तसेच वाटले, आणि उद्याचा दिवस आता कसा जातो या चिंतेने आम्हांस झोप लागली नाही.

सकाळी धाकट्याच्या बायकोने सांगितले ते असे. रात्री भावजी दारात आले, बसले नाहीत, बांधाचे नाव काढले नाही, बाभळीचेही नाही. म्हणाले, “वैनी, तहान लागली आहे, पाणी दे.” तिने नवऱ्याकडे पाहिले. नवरा काही बोलला नाही. तिने तांब्या भरून दिला. थोरल्याने तो उभ्यानेच सगळा प्याला व रिकामा करून खाली ठेवला. मग धाकटा म्हणाला, “दादा, बस की.” पुढे किती वेळ बसले, काय बोलले, ते आम्हांस ठाऊक नाही आणि आम्ही विचारलेही नाही. त्या रविवारी दोघे एका सतरंजीवर होते.

कोणी विचारील, मग बांधाचे काय झाले? बांधाचे त्या रात्री काहीही झाले नाही. पुढे सरकारी मोजणी आली, आणि ती थोरल्याच्या विरुद्ध गेली. त्यास हातभर जमीन सोडावी लागली. त्यास ते आवडले नाही, हेही आम्हांस ठाऊक आहे. समेट होणे म्हणजे तंटा मिटणे नव्हे. तंटा चालू असताही भावास भाऊ म्हणणे होय.

आमच्या उपदेशक बंधूंस एवढी विनंती आहे. पाळक येण्यापूर्वी आठ दिवस घरोघर जा. परीक्षा घेण्यासाठी जाऊ नका, बसावयास जा. ज्या घरी दिलेला चहा तुम्ही आजवर काही ना काही निमित्ताने टाळीत आला असाल, त्या घरापासून आरंभ करा. भीतीने दूर राहणाऱ्यांस पेत्राची गोष्ट सांगा, आणि निर्धास्तपणे येणाऱ्यांस करिंथची. म्हातारे व आजारी जे मंदिरापर्यंत येऊ शकत नाहीत त्यांची नावे पाळकास आधी कळवा, म्हणजे त्यांच्या खाटेपाशी भाकर व प्याला नेता येईल. पौलाने ज्यांच्यासाठी थांबावयास सांगितले त्यांत तेही आहेत. ऊसतोडीच्या दिवसांत काही कुटुंबे फडावर असतात. शक्य असल्यास रविवार असा धरा की जेव्हा त्यांस येता येईल. तुम्ही सांगितल्यावाचून हे पाळकास कळणार नाही.

आणि कोणी जर म्हणाला की, मी गेलो होतो, पण त्याने दार लावून घेतले, तर त्यास मेजेपासून परत लावू नका. आपल्याकडून होईल तितके सर्वांशी शांतीने राहावे, असे पौल रोमकरांस लिहितो, आणि त्यात ‘आपल्याकडून होईल तितके’ हे शब्द त्याने मुद्दाम घातले आहेत. मात्र तो खरोखर दारापर्यंत गेला होता, की वेशीवरूनच परतला, एवढे त्यास प्रेमाने विचारा.